चांगुणाबाईचा हेल

ईट गावात कुणी मेलं की पहिला निरोप चांगुणाबाईकडं जायचा, सोयऱ्याधायऱ्यांकडं त्यानंतर. गावात रडणाऱ्या बायकांची टंचाई होती असं नाही. पण रडणं वेगळं आणि हेल काढणं वेगळं. हेल म्हणजे मेलेल्या माणसाला हाका मारत, त्याच्याशी बोलत, एका चालीत सूर लांबवत रडायचं. ते चांगुणाबाईसारखं पंचक्रोशीत कुणाला जमत नव्हतं. ती यायची, मयतापाशी बसायची, पदर कपाळावर ओढायची आणि पहिली हाक मारायची. मग दातखीळ बसल्यासारख्या गप्प राहिलेल्या बायकांनाही रडू फुटायचं, आणि घर मोकळं व्हायचं.

बरं, तिच्या रडण्यात खोटेपणा नसायचा. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, अशी आपल्याकडची रीत. जिवंतपणी ज्याला कुणी पाणी विचारलं नाही तो मेल्यावर देवमाणूस होतो. चांगुणाबाईच्या हेलात असलं काही नसायचं. माणूस तापट असला तर ती तापटच म्हणायची. ‘आता आमच्यावर खेकसायचं कुणी रंऽ’ असं म्हणायची, आणि नेमकं तेवढ्यानंच त्याच्या बायकोचा बांध फुटायचा. यासाठी तिनं कधी कुणाचा नारळसुद्धा घेतला नाही. वरच्या आळीत मयत असलं की ती अंगणात, पायऱ्यांच्या खाली बसून रडायची. वर ये, असं तिला कुणी म्हटलं नाही आणि तिनंही कधी विचारलं नाही.

हेलाचे शब्द दर मयताला नवे असायचे. शेवट मात्र ठरलेला होता. ‘फिर मागं, माज्या राजाऽ, फिर मागंऽ.’ हे तिनं आपल्या आईकडून उचललं होतं आणि आईनं तिच्या आईकडून. जाणाऱ्याला शेवटचं परत बोलवायचं, तो येणार नाही हे ठाऊक असताना बोलवायचं, असं ते होतं.

तिचा नवरा श्रीपती एसटीत कंडक्टर होता. निवृत्त होऊन वीस-बावीस वर्षं झाली तरी गाव त्याला कंडक्टरच म्हणायचं. माणूस शिस्तीचा आणि पक्का बुद्धिवादी. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर त्याच्या बापानं मेलेली ढोरं ओढायचं वतनाचं काम सोडलं आणि घरातले लाकडी देव टोपल्यात भरून विहिरीत टाकले. ते टोपलं पोरसवदा श्रीपतीच्या डोक्यावर होतं. देव बुडताना त्यानं डोळ्यानं पाहिले होते आणि त्यातला एकही वर येऊन काही बोलला नव्हता. तेव्हापासून त्याला शकुन, अपशकुन, नजर, करणी, कशाचीही भीती उरली नव्हती. बायकोचा हेल मात्र त्याला आवडायचा. ‘आवो, तुमच्या धम्मात एवढ्या मोठ्यानं रडायचं बसतं का?’ असं कुणी चिडवलं की तो म्हणायचा, ‘रडणं अंधश्रद्धा न्हाय. माणूस गेल्यावर न रडणारा मला एक दाखव.’

दोघा म्हाताऱ्यांची एक थट्टाही ठरलेली होती. ‘चांगुणे, माज्या टायमाला काय काय घेशील गं हेलात?’ असं तो विचारायचा.

‘सुट्टे पैसे तुमी कुणाला कधी परत दिले न्हाईत, ते घेईन.’

‘घे. पर सूर बारका लावू नको. लई ऐकलेत तुजे हेल दुसऱ्यांसाठी. माजा सगळ्यात चांगला पायजे.’

ती त्याला हातातलं सूप दाखवायची आणि म्हणायची, ‘आधी मरा तर खरं!’

आता या घरात हसणं पुन्हा आलं होतं, पण ते सहज आलेलं नव्हतं. त्यांचा एकुलता एक मुलगा राजपाल तेरखेड्याच्या बाजूला फटाक्यांच्या एका शेडमध्ये वाती वळायच्या कामाला होता. एका दुपारी शेड पेटली. घरी आणलं ते पांढऱ्या कापडात पुरतं झाकून आणलं. चांगुणाबाईला कुणी तोंड बघू दिलं नाही. त्या दिवशी तिनं जो हेल काढला तो ऐकलेली माणसं अजून गावात आहेत, आणि त्याविषयी ती बोलत नाहीत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं हे खरं, पण त्या दिवशी थोडं सगळ्यांना कळलं होतं.

राजपालच्या मागं बायको आणि दोन मुली राहिल्या. सून अंगणवाडीत मदतनीस झाली. मोठ्या नातीचं लग्न झालं. ती नवऱ्याबरोबर पुण्यात कामाला असायची आणि तिची पाच वर्षांची आरोही इथं पणजीजवळ वाढत होती. धाकटी नात चैताली धाराशिवला कॉलेज करून तिथंच राहिली. तिला गोष्टींचं वेड होतं. राक्षस, राजकन्या, उडणारे किल्ले, न पाहिलेले ग्रह असं काय काय ती लहानपणापासून बडबडायची. धाराशिवमध्ये सोमेश नावाचा एक तरुण मोबाईलवर ऐकायची अद्भुत मालिका बनवत होता. तिच्यात चैतालीला आवाज द्यायचं काम मिळालं, तेव्हा पोरगी आठवडाभर जमिनीवर नव्हती.

मालिकेचं नाव होतं ‘काळदरी’. डोंगरमाथ्यावर शुभ्रकूट नावाचं राज्य, तिथली माणसं सोन्यासारख्या कांतीची, देखणी, शूर. डोंगराखाली काळी दरी, आणि तिच्यात मढखाऊ नावाची जमात. ते अंगानं काळे आणि राहायला वस्तीबाहेर. मेलेली जनावरं ओढून नेतात आणि खातात. मढखाऊ बायांच्या आरोळ्या, गुरगुर असे सगळे आवाज चैतालीकडं आले. ‘तुझा आवाज रांगडा आहे ना, त्याला शोभतो,’ असं सोमेश म्हणाला होता. चैतालीनं एकदा राजकन्येचा संवाद म्हणून दाखवला, तर सगळे हसले आणि तीही हसली.

सोमेश वाईट मुलगा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर गोष्ट फार सोपी होते. घरचं कापडाचं जुनं दुकान, शिवभक्त, सरळ मंडळी. चैतालीनं बोलता बोलता आजीच्या हेलाविषयी सांगितलं आणि त्याचे डोळे चमकले. पुढच्या रविवारी तो यंत्रं घेऊन ईटला आला. म्हाताऱ्यांच्या पाया पडला, खाली चटईवर बसला, चहा घेतला. चहा बशीत ओतून प्यायला, हे श्रीपतीला फार आवडलं.

‘आजी, तुमचा हेल मला जपून ठेवायचाय,’ तो म्हणाला. ‘आमच्या मालिकेत एका आईचा प्रसंग आहे. तिचा मुलगा जातो. तिथं लागेल.’

चांगुणाबाईनं रिकाम्या कपबश्या उचलल्या. मग म्हणाली, ‘बाबा, घरात मयत न्हाय. मोकळा हेल काढू नये. हेल म्हंजे हाक असती. मोकळी हाक मारली की कुणीतरी व्हय म्हणतंय.’

बाजेवर बसलेला श्रीपती हसायला लागला. ‘कोण व्हय म्हणतंय? अगं, माज्या बापानं देव बुडवले, त्यास्नी कुणी व्हय म्हणलं न्हाय. अन् तुज्या रडण्याला कोण येतंय! रड की. चार दिसांनी तू न्हाईस, म्या न्हाय. आरोहीच्या पोरास्नी ऐकाया मिळंल.’

‘कुणासाठी रडू पर? मेलंय कोण?’

श्रीपतीनं मान खाली घातली. मग खालच्या आवाजात म्हणाला, ‘राजपालचं रड.’

सोमेशनं पंखा बंद केला. सुनेनं कोंबड्या हाकलल्या. चांगुणाबाईनं पदर ओढला आणि सुरुवातीला तिचा आवाज चाचरला, कारण समोर मयत नव्हतं, माईकचं काळं बोंडूक होतं. पण राजपालचं नाव तोंडात आलं आणि ती ते बोंडूक विसरली. ‘वाती वळता वळता रंऽ, तुजीच वात कशी सरली... तोंड बी दावलं न्हाय मला, म्या कसं वळखू तुलाऽ... फिर मागं, माज्या राजाऽ, फिर मागंऽ.’ सून भिंतीकडं तोंड करून रडत होती. श्रीपती बाजेची दोरी धरून बसला होता. सोमेशच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते खरं पाणी होतं. जाताना त्यानं पुन्हा पाय धरले. ‘आजी, हे आता मरणार नाही,’ असं तो म्हणाला.

पुढं पावसाळा गेला, सोयाबीन निघालं. चांगुणाबाई दळण घेऊन शांतलिंगच्या गिरणीत गेली होती. शांतलिंग पीठ चाळत होता आणि त्याचा मोबाईल खांबाला टांगून मोठ्यानं चालू होता. बायका, पोरं आपापले डबे धरून कान देऊन उभी होती. गोष्टीत शुभ्रकुटाचं सैन्य रात्रीचं दरीत उतरलं होतं. सगळीकडं सामसूम होती. आणि मग दरीच्या तळातून तो आवाज आला.

जाड केलेला होता, घोगरा केलेला होता, त्याच्यावर आणखी दहा आवाज चढवले होते. पण आई आपलं पोर कपड्यात गुंडाळलेलं असलं तरी ओळखते. ‘फिर मागंऽऽ... फिर मागंऽऽ...’ त्या हाकेसरशी गोष्टीतली मढी उठून बसत होती, आणि मढखाऊ त्यांच्यावर तुटून पडत होते. मढखाऊंना दुसरी भाषाच नव्हती. हीच त्यांची भाषा, हीच भुकेची हाक आणि हीच लढाईची.

‘आल्या बगा रांडा मढं खायला!’ शांतलिंग रंगात येऊन म्हणाला. बायका शहारून हसल्या. एका पोरानं लगेच तोंडापुढं हात धरून तो आवाज काढून दाखवला आणि हुबेहूब काढला. चांगुणाबाईचं दळण झालं होतं. शांतलिंग म्हणाला, ‘काकू, डबा घ्या की. काय झालं, भ्या वाटलं का?’

‘व्हय,’ ती म्हणाली, आणि डबा उचलून घरी आली. त्या दिवशी तिनं भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढलं आणि श्रीपतीला यातलं काही सांगितलं नाही. त्याच्या छातीत पाणी झालं होतं आणि डॉक्टरनं त्रास होईल असं काही बोलायला बंदी केली होती.

चैतालीला तिनं फोन केला. ‘चैते, माजं रडणं कुणाच्या तोंडात घातलं गं त्या पोरानं?’

‘आज्जी, मला त्यानं आईचाच प्रसंग सांगितला होता. शपथ. नंतर त्यानं बदललं. मला कळलं तवा तो भाग येऊन आठ दिस झाले हुते. तुला सांगाया तोंड न्हवतं.’ आणि ती रडायला लागली. साधं, पोरीसारखं रडली ती, हेल न काढता.

दोन दिवसांनी तब्येत दाखवायच्या निमित्तानं चांगुणाबाई एसटीत बसली. तेरखेड्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी फटाक्यांची दुकानं लागली तसं तिनं नेहमीप्रमाणं खिडकीवरून तोंड फिरवलं आणि बस पुढं जाईपर्यंत समोरच्या सीटच्या दांड्याकडं बघत राहिली. धाराशिवच्या स्टँडवर चैताली उभी होती. दोघी सोमेशच्या दुकानाच्या माडीवर गेल्या. खोलीच्या भिंतींना आवाज घुमू नये म्हणून स्पंजाचे तुकडे चिकटवले होते. त्यानं दोघींना बघितलं आणि तो उठून उभा राहिला. पाया पडायला वाकला, तर चांगुणाबाईनं पाय मागं घेतले.

‘ते काढून टाक बाबा,’ ती म्हणाली. ‘म्या भांडाया आले न्हाय. तेवढं काढून टाक.’

‘आजी, तुमचा आवाज ऐकून मला चार रात्री झोप नव्हती. इतकं खरं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. म्हणून तर घेतला.’

‘खरं हुतं, तर मढं खाणाऱ्याच्या तोंडी का दिलंस?’

सोमेश अडखळला. ‘आम्ही मशिनवर बनवलेले आवाज लावून बघितले. लोकांना भीती वाटत नव्हती.’

‘माजं रडणं ऐकून भ्या वाटतं व्हय?’

त्याचा चेहरा खरंच पडला होता. चैताली पुढं झाली. एरवी त्याला ‘सर, सर’ म्हणणारी पोरगी ती. ‘सर, ती राणी रडते ना, पोरगा लढाईत गेल्यावर? त्या जागेसाठीच तुम्ही घेतला होता. तिथं का न्हाय ठेवला?’

‘अगं, ती राणी आहे. तिथं हे... बसत नव्हतं. तिच्यासाठी सारंगी घेतली.’ बोलल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी लागलं असावं, कारण तो घाईनं पुढं बोलायला लागला. ‘हे बघ, यात जातबीत काही नाही. सगळं काल्पनिक आहे. मढखाऊ कुठं असतात का? मी असलं मानत नाही. तुमच्या घरी चहा प्यालोय मी, आजी.’

निघाला तो चहा! हा चहा माणसांना किती वर्षं पुरतो, काही सांगता येत नाही.

‘काळी माणसं,’ चैताली म्हणाली, ‘गावाच्या बाहेर, खालच्या अंगाला राहतात. मेलेली ढोरं ओढतात. ही तुम्ही कल्पना केली? माझ्या पणजोबांनी हे काम सोडलं, म्हणून गावानं वर्षभर त्यांना पाणी भरू दिलं नव्हतं. सर, तुम्हाला कल्पना करायला आख्खं आभाळ मोकळं हुतं. तिथं बी आमी खालीच का?’

सोमेशच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते लपवलं नाही. पण मालिका आता त्याची राहिली नव्हती, पुण्याच्या कंपनीनं घेतली होती. लाखो लोक ऐकत होते आणि तो आवाज तर सगळ्यात गाजला होता. काढणं त्याच्या हातात नव्हतं. ‘मालिकेच्या पानावर तुमचं नाव टाकायला सांगतो,’ असं तो म्हणाला. ‘मोठ्या अक्षरात.’

चांगुणाबाईनं त्याच्याकडं बघितलं. ‘काय टाकशील? मढखाऊचा आवाज, चांगुणाबाई, राहणार ईट?’ तिचा स्वर चढला नव्हता. ‘नगं बाबा. राजपालचं नाव हाय त्या रडण्यात. ते तेवढं तरी पुसलंस का न्हाय?’

‘पुसलंय, आजी.’

‘बरं केलंस,’ ती म्हणाली आणि जिन्याकडं वळली. त्याच दिवशी चैतालीनं तिथलं काम सोडलं.

लपवायचं तेच आधी उघडं पडतं. गल्लीतल्या मोठ्या पोरांना खेळ सापडला होता. तिन्हीसांजेला बारक्या पोरांना गाठायचं आणि ‘फिर मागंऽऽ’ करून त्यांच्या अंगावर धावायचं. एका संध्याकाळी आरोही पळत आली आणि श्रीपतीच्या बाजेखाली शिरली. श्रीपतीनं वाकून विचारलं, तर ती म्हणाली, ‘मढखाऊ आली, आबा.’ कशी असती ती, असं त्यानं हसत विचारलं. आरोहीनं बारीक आवाजात करून दाखवलं.

म्हातारा हसायचा थांबला. ती चाल त्यानं पंचावन्न वर्षं ऐकली होती.

चांगुणाबाई पाणी घेऊन आली तेव्हा तो भिंतीकडं बघत होता. त्यानं विचारलं आणि मग तिला सगळं सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर त्यानं पाण्याचा पेला बाजूला सारला. मग म्हणाला, ‘माज्या बापानं मार खाल्ला, पर ढोराला हात लावला न्हाय पुन्हा. अन् ह्यांनी गोष्टीत बी आपल्याला ढोरंच ओढाया लावली.’ थोड्या वेळानं, ‘तू नगं म्हणत हुतीस. म्याच म्हणलो, रड.’

‘तुमचं काय चुकलं वं त्यात? तुमी चांगल्यासाठीच म्हणला.’

‘ऐक चांगुणे.’ त्यानं तिचा हात धरला. चारचौघांत बायकोचा हात कधी न धरलेला माणूस, पण सून समोर असतानाही त्यानं तो धरला. ‘म्या आता लई दिस काढीत न्हाय. माज्या टायमाला हेल काढ. दाबू नको. पुरा काढ. त्यास्नी न्हाय कळलं तर न्हाय, ह्या आपल्या लेकरास्नी कळू दे ते रडणं कुणाचं हाय अन् कशापायी हाय. न्हायतर ते त्यांचंच हुईल बग.’

‘काढीन,’ ती म्हणाली. ‘राजपालची आण.’

आण घेणं श्रीपतीच्या तत्त्वात बसत नव्हतं, पण त्या दिवशी तो त्यावर काही बोलला नाही.

माघाच्या थंडीत श्रीपती सकाळी तोंड धुऊन बाजेवर बसला आणि बसल्या बसल्या गेला. मोकळ्या हाकेला कुणीतरी व्हय म्हणतं, हे चांगुणाबाईच्या मनात आलंच. तिनं ते मनातच दाबलं. जिवंत असता तर त्यानं तिला झापलं असतं.

दुपारपर्यंत अंगण भरलं. पांढऱ्या कापडात श्रीपतीला ओसरीवर ठेवलं. उशाशी मेणबत्ती लावली, भिंतीवरच्या तसबिरींना हार घातले. पुण्याहून मोठी नात आली. एसटीतले जुने कंडक्टर, ड्रायव्हर आले. वरच्या आळीच्या बायकाही आल्या, ज्यांच्या घरी चांगुणाबाई अंगणात बसून रडली होती. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडं होतं. गावभर दुसऱ्यांसाठी रडलेली बाई आता स्वतःच्या माणसासाठी कशी रडेल, हे प्रत्येकीच्या तोंडावर दिसत होतं. आधी कुणी रडायचं नाही हेही ठरलेलं होतं. सुरुवात तिची.

चांगुणाबाईनं पदर ओढला. त्याचा हात हातात घेतला. गार पडला होता.

‘उठा की वंऽ,’ तिनं हाक मारली, ‘गाडी लागलीऽ... घंटी कोण मारील वंऽ... सुट्टे कुणाचे ठेवले आता, कुणाला द्यायचं राह्यलं वंऽ... घरात बी तिकीट फाडल्यावानी बोलला, दोन शबुद, चार शबुद, अन् म्या त्याच्यावरच पंचावन्न वर्सं काढलीऽ...’

बायकांमध्ये हुंदके फुटायला लागले. एक म्हातारा ड्रायव्हर खांबाला डोकं टेकून रडू लागला. चांगुणाबाईचा सूर चढला. आयुष्यात कुणासाठी चढला नव्हता तेवढा चढला. घर, अंगण, गल्ली सगळं त्या आवाजात बुडालं, आणि ती शेवटाला आली.

‘फिरा मागंऽ, माज्या राजाऽ, फिरा मागंऽऽ...’

आरोही किंचाळली.

ती आईच्या कडेवर होती. पणजीच्या तोंडाकडं बघत होती आणि किंचाळत होती. डोळे पांढरे झाले होते. भीतीनं तिला कडेवरच लघवी झाली. ‘मढखाऊ! पणजी मढखाऊ! आबाला खाती, आबाला खाती!’ आईनं तिचं तोंड दाबलं, कुणीतरी तिला पाठीवर थोपटलं, पण ती हातपाय झाडत राहिली. मागं उभी असलेली दोन-चार पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांनाही ते ओळखू आलं होतं. वरच्या आळीच्या एका बाईनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, कुणाला सांगता आलं नसतं.

चैताली धावली. ‘आज्जी, तू काढ. तू थांबू नको. म्या हिला लांब नेते.’

‘लांब कुठवर नेशील?’ चांगुणाबाई म्हणाली.

तरी तिनं प्रयत्न केला. शब्द दिला होता. श्रीपतीच्या तोंडाकडं बघत तिनं पुन्हा तोंड उघडलं, आणि घशातून जे वर आलं ते तिला गिरणीत ऐकलेल्यासारखं ऐकू आलं. जाड, घोगरं, दरीच्या तळातलं. तिनं घाईघाईनं तोंड मिटलं. आपण ह्या माणसाच्या उशाशी कोण म्हणून बसलोय, हेच तिला क्षणभर कळेना. तिच्या आईचं, तिच्या आईच्या आईचं, राजपालच्या वेळचं सगळं तिच्या गळ्यातून कुणी काढून नेलं होतं आणि जागेवर हे ठेवून दिलं होतं. असं दुःख कुणाला सांगायचं, आणि कोणत्या आवाजात सांगायचं?

ती उठली. आरोहीला आईकडून ओढून घेतलं. पोरगी मागं मागं सरत होती. तिनं तिला घट्ट धरलं, चेहऱ्यावरून हात फिरवला.

‘म्या न्हाय ती, बाळा,’ ती म्हणाली. ‘बग, म्या तुजी पणजी हाय. ती दुसरी हुती. गेली ती. आता यायची न्हाय.’

आरोहीचा श्वास हळूहळू खाली बसला. बायका वाट बघत राहिल्या. चांगुणाबाई सुरुवात करत नव्हती, म्हणून दुसरी कुणी करत नव्हती. त्रिशरण झालं, पंचशील झालं. माणसांनी श्रीपतीला खांद्यावर घेतलं. अंगणातून, गल्लीतून, शाळेच्या वळणावरून ते गेले आणि मागून एकही हाक आली नाही. ईटमध्ये असं मयत कुणी पाहिलं नव्हतं. पायांचे आवाजही ऐकू येत होते. चैताली दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडत होती.

चांगुणाबाई ओसरीवर, जिथं त्याला ठेवलं होतं तिथं, पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. आरोहीनं मान वर करून पणजीचा चेहरा नीट बघितला, डोळ्यांना बोट लावून बघितलं.

‘पणजे, आबा मेले ना?’

‘व्हय.’

‘मंग मेल्यावर रडत्यात की, तू का रडत न्हाईस?’

चांगुणाबाईनं तिचं डोकं आपल्या छातीशी धरलं, तिला आपलं तोंड दिसणार नाही असं.

‘मला येत न्हाय गं बाई,’ ती म्हणाली.